ग्राहकांचे गट पाडायचे आहेत? आधी "कशासाठी घेताय?" हे विचारा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सोलापुरात नवी पेठेत चादरी-टॉवेलचं वडिलोपार्जित दुकान आहे, वडील अजून गल्ल्यावर बसतात, आणि गेल्या तीन वर्षांत बिलावर घेतलेले ४,२०० मोबाइल नंबर तुमच्याकडे जमलेत. दर सणाला त्या सगळ्यांना एकच मेसेज जातो. सुरुवातीला दोन-चार फोन यायचे, आता तेही बंद झालेत, उलट लोक ब्लॉक करतात. म्हणून वय, उत्पन्न आणि एरिया धरून गट पाडायचा विचार आहे आणि त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "वडील म्हणतात, गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक, त्यात भेद कशाला?" त्या वाक्याकडे मी शेवटी येते, कारण माझ्या मते तुमच्या कामाची किल्ली तिथेच आहे.

मी मूळची हिशेबाची. बावीस वर्षांपूर्वी चाटी गल्लीतल्या कापड दुकानांची खाती लिहायला लागले. दुकानदार विचारायचे, "मॅडम, यंदा विक्री का उतरली?" त्याचं उत्तर बिलांच्या ढिगात शोधता शोधता मी याच कामाची होऊन गेले. आज सोलापुरातली कापडाची, भांड्यांची, शेंगाचटणीची, युनिफॉर्मची मिळून बरीच दुकानं माझ्याकडून हे करून घेतात. तुमची बिलं मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे खाली जे सांगते त्यातलं किती तुम्हाला लागू पडेल ते तुमची किरकोळ विक्री किती, ठोक किती, आणि दुकान रस्त्यावर आहे की गल्लीत, यावर ठरेल. विचार करायची रीत मात्र तीच राहील.

सगळ्यात आधी स्वतःला विचारा: गट पाडल्यावर मी वेगळं काय करणार आहे? मेसेज तोच, माल तोच, भाव तोच, वेळही तीच राहणार असेल तर ४,२०० नंबरांचे पाच ढीग केले काय आणि पन्नास केले काय, लोक ब्लॉकच करणार. बाजाराचे असे भाग पाडण्याची कल्पना अमेरिकेत वेंडेल स्मिथ यांनी १९५६ मध्ये नीट मांडली. लोकांची मागणी एकसारखी नसते हे आधी मान्य करा आणि आपला माल तिच्याकडे वळवा, असा तिचा गाभा होता. आपल्याकडे ती पोचेपर्यंत माल वळवायचं राहिलं आणि फक्त मेसेजचे प्रकार उरले. म्हणून माझा नियम साधा आहे. ज्या गटासाठी दुकानातली एकही गोष्ट बदलणार नाही, तो गट करायचाच नाही.

आता तुमचे तीन निकष घेऊ. वय आणि उत्पन्न तुमच्याकडे लिहिलेलं नाही, ते तुम्ही अंदाजाने भरणार. अंदाजावर उभारलेला गट पहिल्याच सणाला कोसळतो. शिवाय साखर पेठेतले आजोबा आणि जुळे सोलापुरातली पंचविशीतली मुलगी दोघंही भाचीच्या लग्नाच्या आहेरासाठी टॉवेलच घेणार असतील, तर त्या खरेदीपुरते ते एकाच गटातले. एरियाचा उपयोग घरपोच माल द्यायचा असेल तर होतो, एरवी फारसा नाही.

ही चूक मी स्वतः करून बसले आहे. कामाला लागून चारेक वर्षं झाली होती. एका दुकानासाठी मी भाषेवर गट पाडले. सोलापूर म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, त्यामुळे ते फार सुचण्यासारखंही होतं. शहराच्या पूर्व भागात वाटायला तेलुगूत हँडबिलं छापून घेतली, चांगल्या कागदावर. दोन दिवसांनी हँडबिल वाटणारा पोरगा परत आला आणि म्हणाला, "ताई, लोक उलटंसुलटं करून बघायलेत आणि मलाच विचारायलेत, काय लिवलंय म्हणून." घरात तेलुगू बोलणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांतली मुलं दोन-दोन पिढ्या मराठी शाळेत शिकली. बोलायला तेलुगू, वाचायला मराठी. मी माणसाची ओळख पकडली होती, पण त्याला दुकानात आणणारं कारण माझ्या हातात नव्हतं. ते पैसे दुकानदाराचे गेले, आणि ते अजून मला टोचतं.

त्यानंतर मी काउंटरवर उभी राहायला लागले. एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. लागोपाठ तीन गिऱ्हाइकं आली आणि तिघांनीही पांढरा टॉवेलच मागितला. पहिल्या काकूंनी टॉवेल उलगडलाच नाही, नुसती घडी बघितली, कडेची पट्टी बघितली आणि विचारलं, "असेच एकावन्न नग मिळतील का? रंग एकसारखा पाहिजे." दुसऱ्या माणसाने टॉवेल हातात घेऊन तोलला, चुरगाळला, दोरे ओढून बघितले आणि विचारलं, "किती जीएसएम? ब्लीचमध्ये टिकतो का?" जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम, कापडाच्या वजनाचं माप. त्याचं स्टेशनजवळ लॉज होतं. तिसऱ्या होत्या पुण्याच्या एक बाई. अक्कलकोटहून परत निघालेल्या, गाडी बाहेर उभी. त्यांनी विचारलं, "हा सोलापुरीच आहे ना, ओरिजिनल?" टॉवेल एकच, आणि तिघांनी त्यात तीन वेगळ्या वस्तू बघितल्या. दुकानातला मुलगा तिघांनाही एकच वाक्य सांगत होता: "घ्या, क्वालिटीची गॅरंटी."

त्या दिवसापासून मी प्रत्येक दुकानात पहिलं काम एकच लावते. बिल करताना "कशासाठी घेताय?" एवढं विचारायचं आणि बिलाच्या कोपऱ्यात एक अक्षर टाकायचं. आ म्हणजे आहेर, घ म्हणजे घर, सं म्हणजे लॉज-दवाखाना-सलून अशी संस्था, या म्हणजे यात्रेकरू किंवा बाहेरगावचा पाहुणा, दु म्हणजे दुकानदार. विचारायला तीन सेकंद लागतात, आणि विचारलं की गिऱ्हाईक उलट खुलतं. टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिलाच्या खाली शेरा लिहायची जागा असतेच, तिथे ते अक्षर जातं. दोन महिने हे नेटाने केलंत तर तुमच्याकडे कोणत्याही सॉफ्टवेअरला न मिळणारी माहिती जमेल.

यातला आहेराचा गट मी जरा सविस्तर सांगते, कारण सोलापुरात चादर-टॉवेलच्या दुकानाला हाच गट तारतो आणि बहुतेक दुकानदार त्याच्याशी चुकीचं वागतात. आहेरवाल्याला नगाचा भाव ठरलेला असतो. "शंभराच्या आत बसव" म्हटलं की शंभर म्हणजे शंभर. त्याला सगळे नग एकसारखे हवे असतात, कारण एका मामाला जाड आणि दुसऱ्याला पातळ गेला तर मांडवात कुजबुज होते. खरेदी दोन टप्प्यांत होते. आधी दोघं येऊन बघून जातात, मग घरातल्या मोठ्या माणसाची पसंती लागते. आणि ऐन वेळी नग कमी पडतील ही धास्ती असते.

यातल्या एकाही गोष्टीवर "दहा टक्के सूट" हे उत्तर नाही. आम्ही एका दुकानात चार गोष्टी बदलल्या. ऐंशी, शंभर, दीडशे आणि अडीचशे असे नगाच्या भावाचे चार आहेर-संच काउंटरवर मांडून ठेवले. घरी दाखवायला एक नमुना फुकट न्यायला दिला, परत आणायच्या बोलीवर. न उघडलेले नग लग्नानंतर आठ दिवसांत परत घ्यायचं ठरवलं. आणि लग्न झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मालकांनी स्वतः फोन करायचा: "कार्य नीट पार पडलं ना? नग कमी-जास्त झाले का?" या फोनचा परिणाम मला सगळ्यात मोठा दिसला. ज्या घरात लग्न झालं तिथे लगेच दुसरं लग्न नसतं, पण त्या मांडवात बसलेल्या दहा घरांत असतं. आहेराच्या ग्राहकाची खरी किंमत त्याच्या पुढच्या खरेदीत नसते, त्याच्या पाहुण्यारावळ्यांत असते. म्हणून त्याला दर सणाला मेसेज करणं वाया जातं आणि एक फोन पुरतो. बाकी वेळापत्रक पंचांगात आहेच. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि चातुर्मास लागला की थांबतात. तुमचे संच दिवाळीआधीच तयार असले पाहिजेत.

लॉज, दवाखाने आणि सलून यांच्याशी बोलायची भाषाच वेगळी. तिथे सण नाही, मुहूर्त नाही. टॉवेलचं वजन, किती धुण्यांनंतर विरतो, उधारी किती दिवस, आणि पुढच्या वेळी अगदी तसाच माल मिळेल का, एवढेच प्रश्न. खरेदी करणारा बहुतेक वेळा मालक नसून मॅनेजर असतो, तुमच्याकडे नंबर मात्र मालकाचा असतो, तेव्हा तो आधी दुरुस्त करा. एखादं लॉज साधारण दर पाच महिन्यांनी माल घेत असेल तर साडेचौथ्या महिन्यात माणूस पाठवायचा. एवढंच त्यांचं मार्केटिंग.

पण या गटाच्या रकमेला भुलू नका. आकडे फक्त उदाहरणासाठी धरते. लॉज वर्षातून दोनदा चाळीस-चाळीस टॉवेल घेतं, नग १८० रुपये, म्हणजे वर्षाला १४,४०० रुपये. नफा बारा टक्के धरला तर १,७२८ रुपये. त्यातून वर्षाच्या चार फेऱ्यांचे ४०० रुपये वजा केले की उरले १,३२८, आणि तेही दोन महिने उधारीवर. घरचं गिऱ्हाईक वर्षाला १,२०० रुपयांचं घेतं, नफा पंचवीस टक्के, म्हणजे ३०० रुपये रोख. रकमेने बारा पट मोठं दिसणारं लॉज कमाईत चार-साडेचार घरांएवढंच भरतं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हे गणित प्रत्येक गटासाठी एकदा कागदावर मांडा. कोणत्या गटावर किती वेळ घालवायचा ते तिथे कळतं.

यात्रेकरूंचा गट मेसेजच्या यादीतून सरळ काढून टाका. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, तुळजापूरला भवानीच्या दर्शनाला आलेला मुंबई-पुण्याचा माणूस तुमच्याकडे पंधरा मिनिटं असतो आणि बहुधा पुढच्या दर्शनापर्यंत फिरकत नाही. त्याला "आज दुकानात या" असा मेसेज गेला की तो ब्लॉकच करणार, त्याचं काय चुकलं? त्याच्यासाठी बदलायच्या गोष्टी दुकानातच आहेत. हिंदी आणि कन्नडमध्येही पाटी, गुगल मॅपवर दुकानाची बरोबर जागा आणि वेळ, उचलायला सोपी पिशवी, आणि जड चादर असेल तर कुरिअरने घरी पाठवायची सोय. सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तुमचा माल त्यात बसत असेल तर तो कुठे, कोणत्या मागावर विणला ते दोन ओळींत छापून घडीत ठेवा. "ओरिजिनल आहे का" या प्रश्नाला तेच उत्तर. बाहेरच्या राज्यातून आलेला माल त्याच ढिगात ठेवून सोलापुरी म्हणून विकू नका. पाहुणा परत येणार नाही म्हणून त्याला फसवणारी दुकानं मी पाहिली आहेत, आणि त्यात नाव सगळ्या गावाचं जातं.

घरचं गिऱ्हाईक म्हणजे थंडी, दिवाळी, पाहुणे आणि गड्डा. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची ही गड्ड्याची यात्रा भरली की आसपासच्या खेड्यांतून आणि कर्नाटकाच्या सीमेवरून माणसं सोलापुरात येतात, तेव्हा घरासाठी खरेदी होते. इथे एकच गोष्ट सांगते: या गटाचे आतले भाग पैसा हातात कधी येतो त्यावर पाडा. नोकरदाराचे पहिले दहा दिवस. ज्याला आठवड्याला पगार मिळतो त्याचा पगाराचा दिवस. माढा-माळशिरसकडच्या शेतकऱ्याला उसाचं बिल आल्यावर. नियमाने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण प्रत्यक्षात कधी जमा होतात ते गावातल्या दुकानदाराला विचारा. महिन्याच्या पंचवीस तारखेला नोकरदाराला ऑफर पाठवणं म्हणजे रिकाम्या खिशाला हाक मारणं.

दुकानदारांचा, म्हणजे ठोक गिऱ्हाइकांचा गट वेगळा काढणं सगळ्यात सोपं. त्यांच्या बिलावर जीएसटी नंबर असतो. त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३६ तेलंगणा. पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे कलबुर्गीचा आणि हैदराबादचा खरेदीदार एकाच मालकाचे आहेत का, हे पॅन जुळवून लगेच कळतं. एका दुकानात मला असे दोन "मध्यम" ग्राहक जोडल्यावर त्यांचा सगळ्यात मोठा खरेदीदार सापडला होता, आणि त्याला तोवर कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

आता जुन्या ४,२०० नंबरांचं काय? त्यांच्यावर अक्षर लिहिलेलं नाही. आधी साफसफाई करा. नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, म्हणून नावावर जाऊ नका, मोबाइलचे शेवटचे दहा आकडे हीच ओळख धरा आणि दुबार नोंदी काढा. मग बिलावरून कारण ओळखा. जीएसटी नंबर असेल आणि बिलं वारंवार असतील तर दुकानदार. ठरावीक अंतराने पांढरे टॉवेल जात असतील तर संस्था. एकाच बिलात एकसारखे पंचवीसच्या वर नग असतील तर बहुधा आहेर. एकच बिल, दोन-चार नग आणि दुकानात विचारलं तर कुणालाच ओळख पटत नाही, तर यात्रेकरू. उरले ते घर. जिथे कळत नाही तिथे "माहीत नाही" असाच गट ठेवा, जबरदस्तीने कुठे कोंबू नका.

"बहुधा" या शब्दावर मी जोर देते, त्याला कारण आहे. वीसच्या वर टॉवेल म्हणजे लग्न, असा नियम मी एका दुकानाला करून दिला होता आणि त्यांनी त्या यादीला शुभेच्छांचा मेसेज पाठवला: "नवदांपत्याला हार्दिक शुभेच्छा, पुढच्या कार्यालाही आमच्याकडेच या." दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ दुकानात आले. मोबाइल काउंटरवर ठेवला आणि काही न बोलता उभे राहिले. त्यांनी तीस टॉवेल आणि टोप्या नेल्या होत्या त्या वडिलांच्या तेराव्याच्या आहेरासाठी. दुकानदाराने हात जोडून माफी मागितली. नियम माझा होता, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन आले. तेव्हापासून बिलावरून काढलेला अंदाज मी फक्त मालाची तयारी करायला वापरते. ग्राहकाने कारण स्वतः सांगितलेलं नसेल तर त्याला त्या कारणाने शुभेच्छा द्यायच्या नाहीत, कधीही नाही. आणि "कशासाठी घेताय?" विचारल्यावर समोरचा माणूस थबकला तर पुढे विचारू नये, हे दुकानातल्या मुलांना शिकवून ठेवा.

"कशासाठी" हा गट पाडायचा पहिला काप. दुसरा काप जगभर आरएफएम म्हणून ओळखला जातो. टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्या कंपन्यांनी तो रुळवला. शेवटचं कधी आला, किती वेळा आला, किती रुपयांचं नेलं, हे तीन रकाने. पुस्तकात प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायला सांगतात, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच, १२५ खण. तुमच्या ४,२०० लोकांत खणाला सरासरी तेहतीस-चौतीस माणसं पडतील आणि १२५ वेगळ्या गोष्टी तुम्ही करू शकणार नाही. मी फक्त "शेवटचं कधी" हा रकाना घेते आणि तोही त्या-त्या गटाच्या चालीने. लॉजसाठी आठ महिने शांतता म्हणजे ते दुसरीकडे गेलं. घरासाठी आठ महिने म्हणजे काहीच नाही. आहेरवाल्यासाठी हा रकाना निरर्थक. तीनही रकाने सरसकट लावले तर एकदाच साठ हजारांचा आहेर नेलेला माणूस तुमचा सगळ्यात मोठा "सुटलेला ग्राहक" दिसायला लागतो आणि तुम्ही त्याच्या मागे विनाकारण लागता.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायचं तर आत्ता काहीच घेऊ नका. टॅलीतून बिलं एक्सेलमध्ये काढा, पिव्होट टेबल, म्हणजे आपोआप गटवार बेरजा करणारा तक्ता, लावा, एवढ्यात सगळं होतं. के-मीन्ससारखी गट पाडणारी पद्धत कुणी विकायला आलं तर त्याला एवढं विचारा की रुपये आणि फेऱ्या एका मापावर आणल्यात का. ही पद्धत माणसांमधलं अंतर आकड्यांनी मोजते. एका रकान्यात साठ हजार आणि दुसऱ्यात चार फेऱ्या असतील तर रुपयांपुढे फेऱ्या दिसतच नाहीत, आणि शेवटी हातात येतं ते फक्त श्रीमंत-गरीब असं वर्गीकरण. लाखभर ग्राहक असतील तर ती पद्धत जरूर वापरावी. तुमच्याकडे अजून प्रत्येक ग्राहकाला ओळखणारा माणूस गल्ल्यावर बसलाय.

व्हॉट्सअ‍ॅपचीही एक गोष्ट लक्षात घ्या. साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ४,२०० नंबर म्हणजे सतरा लिस्टा, आणि त्यातल्या कितीतरी लोकांपर्यंत काही जातच नसणार. त्यामुळे ज्यांनी नंबर सेव्ह केलाय ते मौल्यवान. बिल देताना "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, आहेराचे नवे संच आले की फोटो पाठवतो" असं सांगा. त्यात परवानगी घेणंही होतं आणि कशासाठी नंबर घेतोय ते सांगणंही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही याच दोन गोष्टींकडे आहे. कुणी "नका पाठवू" म्हटलं की त्याच दिवशी नंबर काढायचा.

आणि एक विनंती. आपल्या गावात आडनाव ऐकलं की समाज कळतो. यादीला आडनावावरून गाळणी लावण्याचा मोह होतो, काही जण तशी यादी मागतातही. करू नका. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं तर ते दुखावतं, आणि ते दुखणं योग्यच असतं. आणि धंद्यालाही त्याचा उपयोग नाही: आहेर सगळ्यांकडे असतो, थंडी सगळ्यांना वाजते.

काम होतंय की नाही ते कसं कळणार? दिवाळीत विक्री वाढणारच, तिचं श्रेय मेसेजला देऊन टाकू नका. एखाद्या गटाला काही पाठवायचं असेल तर मोबाइलचा शेवटचा आकडा सम असलेल्यांना पाठवा, विषम असलेल्यांना पाठवू नका. पंधरा दिवसांनी दोन्हींतून किती जण आले ते मोजा. घरच्या गटात सहाशे नंबर असतील तर तीनशे-तीनशे पडतील. सम आकड्यांतून चोवीस आले आणि विषममधून अकरा, तर मेसेजने काहीतरी केलंय. चोवीस आणि एकवीस असतील तर मेसेजचा खर्च आणि लोकांचा वैताग फुकट गेला. मात्र तीस-तीस जणांवर ही परीक्षा घेऊ नका. तिथे दोन आले की तीन, यावरून काहीच ठरत नाही. लॉज आणि ठोकवाले मोजकेच असतात, त्यांच्यासाठी परीक्षा नको, प्रत्येकाशी बोलणंच बरं.

सुरुवातीला पाच गट पुरेत. त्यातले दोनच नीट चालवा, माझ्या मते आहेर आणि संस्था. बाकीच्यांना सहा महिने काही पाठवलं नाही तरी बिघडत नाही. उलट ब्लॉक होणं थांबेल.

आता वडिलांचं वाक्य. "त्यात भेद कशाला" असं ते म्हणतात ते मला मनापासून पटतं. दारात आलेल्या प्रत्येकाला सारखाच मान, सारखंच पाणी, सारखाच खरेपणा, यात भेद नकोच. पण ते बसतात त्या गल्ल्यामागे एक दिवस लपून उभे राहा आणि ऐका. ते लॉजवाल्याला टॉवेल हातात देत असतील आणि काकूंना घडी दाखवत असतील. "या बाबाचं उसाचं बिल आलं की तो येईल," असं ते मागे कधीतरी बोललेही असतील. गट त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच पाडलेत, फक्त ते वहीत नाहीत.

असंच एका जुन्या मालकांबरोबर मी तीन दुपारी बसले होते, दोन ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. मी बिलबुकातलं नाव वाचायचं आणि ते डोळे मिटून सांगायचे: "कुर्डुवाडीचे, मुलीच्या लग्नाला नेलं होतं." "हा हॉस्पिटलचा, साहेब बदलले तिथले." "ही बाई दर गड्ड्याला येते, यंदा दिसली नाही." सहाशेच्या वर नावं त्यांनी अशी लावून दिली, आणि मी नंतर पडताळली तेव्हा चुकीची फार थोडी निघाली.

तुम्हीही वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. नावं वाचण्याआधी त्यांना एवढंच विचारा: "यंदा कोण कोण आलं नाही?" ते जी नावं सांगतील ती वेगळ्या पानावर लिहा. त्या पानावरच्या कुणालाही मेसेज पाठवू नका. त्यांना फोन वडिलांनीच करावा.